दोनशे बारा जणांचा चमत्कार

दवाखान्यासमोरची रांग कोपऱ्यावर वळून पार शाळेच्या फाटकापर्यंत गेली होती. आणि ती डॉक्टरांसाठी नव्हतीच! बाहेर टेबल टाकून बसलेल्या जलगुरूंच्या पाण्यासाठी होती.

"गोळ्या सोडा, सुया सोडा! पाणी घ्या, साखर उतरलीच समजा!" जलगुरू ओरडत होते. मागे फलक होता : 'दोनशे बारापैकी एकशे अठ्ठ्याण्णव जणांची साखर आटोक्यात. पुरावा : दवाखान्याचा संगणक.'

तो पुरावा मी दिला होता. दवाखान्याच्या नोंदी मीच सांभाळतो. हे लिहितानाही मान खाली जाते.

महिन्यापूर्वी जलगुरू माझ्या खोलीत आले होते. "साहेब, पाणी घेणाऱ्यांची यादी माझ्याकडे, केसपेपरच्या नंबरासकट. साखर तपासल्याची तुमच्याकडे. जुळवून बघा. संगणक थोडाच कुणाचा भक्त असतो?"

'साहेब' ऐकून मी फुगलो. संगणकाला एक क्वेरी, म्हणजे प्रश्न, देऊन दोन्ही याद्या जोडल्या, दोन्हीकडे सापडले तेवढेच नंबर काढले, कागद छापला आणि वर सहीही ठोकली.

तो कागद मावशीच्या हाती पडला. मला तिनंच लहानाचं मोठं केलं. "तुझी सही म्हणजे खरंच असणार," एवढंच म्हणाली. इन्सुलिन बंद केल्याचं मात्र बोलली नाही. तीन आठवड्यांनी तिला बेशुद्धावस्थेत वॉर्डात आणलं. पायाची जखम चिघळली होती.

औषधखिडकीवरच्या बाई माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. "तपासणीची चिठ्ठी पेशंटला कुठून मिळते, ठाऊक आहे ना?"

"तुमच्याकडून."

"औषधाच्या पाकिटाला मीच टाचते. औषध नेलं नाही तर चिठ्ठी नाही, चिठ्ठी नाही तर तपासणी नाही. तुम्हाला दोन्हीकडे सापडले ते पाण्याबरोबर औषधही घेणारे. गुण औषधाचा, नाव पाण्याचं!"

"आणि ज्यांनी औषध सोडलं?"

"त्यांना तुम्हीच गाळलंत."

रोज त्या खिडकीवरून जातो मी. चिठ्ठ्या टाचताना रोज बघतो. तरी डोक्यात आलं नाही, कारण डोक्यात 'साहेब' बसला होता.

पुन्हा क्वेरी लिहिली. या वेळी जलगुरूंची यादी पूर्ण ठेवली आणि तिला औषधाची, तपासणीची, वॉर्डाची यादी जोडली. नावं निघाली नऊशे चाळीस. सातशे अठ्ठावीस जणांपुढे तपासणीचा रकाना कोरा. त्यातले एकसष्ट वॉर्डात भरती झालेले. एका ओळीत मावशी : औषध कोरं, तपासणी कोरी, खाट नऊ.

सकाळी रांगेसमोर उभा राहून मी सगळं वाचून दाखवलं, माझ्या चुकीसकट.

जलगुरू गरजले, "शंका घेतली की पाण्याचा गुण जातो!"

"मग संगणकाकडून खात्री करून घेतलीत, तेव्हा नाही गेला?" रांगेतल्या एका बाईंनी विचारलं. लोक हसले. निम्मी रांग खिडकीकडे वळली. निम्मी तशीच उभी राहिली, आणि ती माझ्या जुन्या सहीमुळे उभी होती.

दुपारी मावशीच्या पायाची दोन बोटं काढली. ती शुद्धीवर आल्यावर मी तिला नवा कागद दाखवला. तिनं तो वाचला नाही.

"या वेळी सही करण्याआधी विचार केलास ना?" तिनं विचारलं.

म्हणून सांगतो. कुणी यादी नाचवत आलं, तर त्या यादीत कोण नाही, ते आधी विचारा. खाली माझी सही असली तरी विचारा.