बॉनेट उघडू नका

सुनेनं विजेवरची गाडी घेतली तेव्हा घरात आनंदापेक्षा धुसफुसच जास्त झाली. सून फिजिओथेरपिस्ट. दिवसभर घरोघरी जायचं, कुणाचा आखडलेला खांदा सोडवायचा, कुणाला ऑपरेशननंतर पुन्हा चालायला शिकवायचं. मुलगा जहाजावर असल्यामुळे निम्मं वर्ष घरात तिघंच असत: आप्पा, माई आणि सून. माईंना गाडीचा रंग आवडला. आप्पांनी मात्र तिच्याभोवती एक फेरी मारली, टायरला पाय लावून पाहिला आणि म्हणाले, "खेळणं छान आहे."

आप्पा निवृत्त बस ड्रायव्हर. गाडीतलं काही अडलं की सगळी इमारत त्यांच्याकडे यायची. त्यांची स्वतःची जुनी पेट्रोलची गाडी तळघरातल्या पार्किंगमध्ये राजासारखी उभी असायची. तिला ते स्वतःच्या हातानं धूत. त्या कामाला त्यांनी कधी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

तेवढ्यात कुणाच्या तरी फोनवर पेटलेल्या इलेक्ट्रिक गाडीचा व्हिडिओ आला आणि संध्याकाळपर्यंत घरोघरी फिरला. लगेच कमिटीची बैठक भरली. सुनेची गाडी तळघरात नको, असं जो तो म्हणू लागला.

सून उभी राहिली. "पेट्रोलची असो, हायब्रिड असो नाहीतर विजेची, पेटू कुठलीही शकते," ती म्हणाली. "बॅटरी पेटली तर विझवायला जड जातं, हे खरंच आहे. पण पेट्रोलच्या गाड्याही पेटतातच की! धूर दिसला की गाडी बाजूला घ्यायची, बंद करायची, उतरायचं आणि लांब जायचं. बॉनेट उघडायचं नाही. आत हवा गेली की आग भडकते. हे सगळ्यांनाच माहीत असायला हवं."

कुणी फोन बघत होतं, कुणी जांभई देत होतं. माईच तेवढ्या कान देऊन ऐकत होत्या, आणि त्याही सून भर सभेत न अडखळता बोलतेय याचं कौतुक म्हणून. शेवटी चेअरमननी आप्पांकडे पाहिलं. "तुम्हीच सांगा. तुमचं अख्खं आयुष्य स्टिअरिंगवर गेलंय."

"राहू दे बाहेर," आप्पा म्हणाले. "उगाच विषाची परीक्षा कशाला?"

सुनेनं त्याच रात्री गाडी तळघरातून बाहेर काढली. गाडी कंपाउंडच्या भिंतीलगत झाडाखाली उभी राहू लागली. रोज सकाळी पक्ष्यांनी रंगवलेली काच पुसूनच ती कामाला निघायची. आप्पांशी तिचं बोलणं कामापुरतं उरलं. चहा देताना कपाचा कान त्यांच्याकडे वळवून ठेवायची, तेवढीच काय ती माया.

माईंची दोन्हीकडून ओढाताण व्हायची. एकदा त्यांनी आप्पांना विचारलंही, "घरच्या माणसाची बाजू घेतली असती तर काय बिघडलं असतं?"

"गाडीत नातं बघत नसतात," आप्पा म्हणाले.

त्याच सुमारास माईंना आप्पांच्या गाडीत वास येऊ लागला. बसल्या बसल्या डोकं धरायचं. त्यांनी तसं सांगितलं तर आप्पा हसले. "पेट्रोलच्या गाडीत पेट्रोलचाच वास येणार. अत्तराचा येईल का?" पुन्हा सांगितलं तेव्हा मात्र त्यांनी काच खाली केली आणि विषय संपवला. माईंनाही वाटलं, गाडीच्या बाबतीत यांना कोण शिकवणार!

माईंची धाकटी बहीण हॉस्पिटलमधून घरी आली होती. तिला भेटायला आप्पा आणि माई दोघं दुपारी निघाली. शहराबाहेर चढ लागला. पुढे मालाचे ट्रक मुंगीच्या पावलांनी चढत होते आणि आप्पांची गाडी त्यांच्यामागे पहिल्या गिअरमध्ये कण्हत होती. वास इतका वाढला की माईंनी पदर नाकाला लावला. तेवढ्यात बॉनेटच्या फटीतून धुराची बारीक रेघ वर आली.

"अहो, धूर!"

"पाणी तापलं असेल." आप्पांनी गाडी कडेला घेतली आणि बंद केली. "बस तू. मी बघतो."

ते उतरले. माईंनी पट्टा सोडायला बटण दाबलं, पण ते काही दबेना. धुराचा रंग बदलून काळा झाला होता. समोर आप्पा बॉनेटची कडी चाचपत होते. आणि माईंना सुनेचा सभेतला आवाज जसाच्या तसा ऐकू आला.

"हात लावू नका! बॉनेट उघडू नका! इकडे या, माझा पट्टा निघत नाहीये!"

एवढ्या वर्षांच्या संसारात माई नवऱ्यावर कधी अशा ओरडल्या नव्हत्या. आप्पा दचकले आणि धावत आले. दोन्ही अंगठ्यांनी त्यांनी बटण दाबलं, एकदा, दोनदा. पट्टा हिसडून पुन्हा दाबलं. शेवटी खट्‌ आवाज झाला. आप्पांनी त्यांना जवळजवळ उचलूनच बाहेर काढलं. माईंचा गुडघा दुखरा होता, पण त्या वेळी तो दुखल्याचंही त्यांना कळलं नाही.

थोडं लांब गेल्यावर आप्पा पुन्हा वळले. "बघू तरी दे, पाइप सुटला असेल. वाचेल गाडी."

माईंनी त्यांचा शर्ट मागून मुठीत धरला आणि सोडला नाही. शिवण उसवली तरी सोडला नाही. तोवर बॉनेटखालून ज्वाळा निघाल्या आणि बघता बघता पुढच्या सीटपर्यंत पोचल्या. एका ट्रक ड्रायव्हरनं आपला आग विझवायचा छोटा सिलिंडर आणून लांबूनच फवारा मारला, पण त्यानं काय होणार? अग्निशमन दलाची गाडी आणि तिच्यामागून त्यांची जीप आली तेव्हा विझवायला सांगाडाच उरला होता.

माईंनी सुनेला फोन केला. ती काम अर्धवट टाकून आली. आधी तिनं माईंचा गुडघा दाबून पाहिला, मग आप्पांचे हात उलटसुलट करून पाहिले. जळलेल्या गाडीकडे तिनं मान वळवली नाही. एवढंच म्हणाली, "बसा दोघं. घरी जाऊ."

आप्पा मुकाट्यानं मागे बसले. सुनेनं बटण दाबलं, पण स्क्रीन काळाच. पुन्हा दाबलं. गाडी ढिम्म.

"काय झालं?" माईंनी विचारलं.

"छोटी बॅटरी उतरली वाटतं," सून कसनुशी होऊन म्हणाली. "मोठी भरलेली आहे. पण छोटीशिवाय ती चालूच होत नाही. मागे एकदा असंच झालं होतं."

आप्पा पुढे वाकले. "छोटी म्हणजे? आपली नेहमीची, बारा व्होल्टची? ती आहे यात?"

"आहे ना. पुढच्या झाकणाखाली."

"गाडी एवढ्या मोठ्या बॅटरीवर बसलीय आणि ही चिमुरडी रुसली म्हणून अडते?" आप्पा हसायलाच लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं आणि मग ते नुसतं रडणंच उरलं. सुनेनं मागे हात करून त्यांचा खांदा धरला.

मग आप्पांनी चेहरा पुसला, उतरले आणि अग्निशमनवाल्यांची जीप जवळ बोलावून दोन बॅटऱ्या जोडायच्या वायरी मागून घेतल्या. कुठली वायर कुठे लावायची ते सुनेनं पुस्तिकेत पाहून सांगितलं, लावली आप्पांनी. वायरी परत देताना त्यांनी बंबाच्या प्रमुखाला विचारलं, "तुम्ही कुठल्या गाड्या जास्त विझवता हो?"

"आमच्याकडे तरी पेट्रोलच्याच. हायब्रिडही येतात अधूनमधून. विजेची क्वचित, पण पेटली की आमचा दिवस मोडतो. पाणी मारत बसायचं आणि पुन्हा पेटेल म्हणून नजरही ठेवायची." त्यानं सांगाड्याकडे बोट केलं. "यात वास येत नव्हता का आधी?"

आप्पांनी माईंकडे पाहिलं. "येत होता," ते म्हणाले.

पुढच्या बैठकीला सुनेची गाडी तळघरात घ्यायचा विषय आप्पांनी स्वतःच काढला, पण चेअरमन हात जोडून म्हणाले, "तुमच्यासारख्यांची गाडी पेटते तर विजेच्या गाडीचा काय भरवसा?"

तेव्हा माई उठल्या. सभेत बोलायची त्यांना सवय नव्हती, पदर बोटाला गुंडाळतच बोलल्या. "आम्ही दोघं जिवंत आहोत ते माझ्या सुनेमुळे. बॉनेट उघडू नका हे तिनं इथंच सांगितलं होतं. तुम्ही ऐकलं नाहीत, मी ऐकलं म्हणून वाचलो. आणि तळघराच्या दारात कुणाची मोडकी कपाटं आहेत, कुणाचे रंगाचे डबे आहेत. उद्या तुमच्यापैकी कुणाची गाडी पेटली तर बाहेर कुठून पडायचं?"

कपाटं कुणाची ते सगळ्यांना ठाऊक होतं. चेअरमनचीच होती.

कपाटं निघाली. धुराची सूचना देणारी यंत्रं बसली. सुनेच्या गाडीला तळघराच्या उताराच्या तोंडाशी जागा मिळाली. धूर मोकळा जाईल आणि वेळ पडली तर गाडी ओढून बाहेर काढता येईल, हे आप्पांनी सगळ्यांना उभं राहून दाखवलं. चार्जिंगची वायर इलेक्ट्रिशियननं स्वतंत्र ओढली. वरच्या मजल्यावरच्या एका काकांचा विरोध मात्र कायम राहिला. ते आपली गाडी दुसऱ्या टोकाला लावतात.

आप्पांनी नवी गाडी घेतली नाही. सुनेच्या गाडीची छोटी बॅटरी बदलून घ्यायला मात्र ते स्वतः सर्व्हिस सेंटरला गेले. तिथला मुलगा म्हणाला, सॉफ्टवेअर अपडेट केलंय, आता होणार नाही. "दोनदा झालंय," आप्पा खुर्चीवर बसत म्हणाले. "बॅटरी बदला. माझी सून एकटी फिरते या गाडीतून." बॅटरी बदलेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

राहिलेली बहिणीची भेट पुढच्या रविवारी झाली. सुनेनं किल्ली आप्पांच्या हातात दिली आणि स्वतः मागे बसली. सगळ्या वाटेनं त्यांचा डावा पाय क्लच शोधत होता. चढ कधी लागला आणि कधी संपला ते माईंना कळलंच नाही. इंजिनाचा आवाज नाही, हादरे नाहीत, त्यांना झोप लागली होती.

"माई झोपल्या," सून हळूच म्हणाली.

"झोपू दे," आप्पा म्हणाले आणि त्यांनी वेग आणखी थोडा कमी केला.