परातीच्या काठातलं कुंकू

मी कडूबाच्या घरातली पितळी परात बोलतेय. हळूच बोलते, कारण मी जन्माची भित्री आहे.

जानेफळला मी आले ती कडूबाच्या आईच्या, अन्नपूर्णाबाईंच्या रुखवतातून. कडूबा तान्हा असताना त्या त्याला माझ्यातच न्हाऊ घालायच्या. सणावारी, नवसाला मला हळदकुंकू लावायच्या. त्यातलं थोडं कुंकू काठाच्या वळणात अडकलं ते अडकलंच.

सहा वर्षांपूर्वी कडूबाने बाप्तिस्मा घेतला. त्याची दारू सुटली, बायकोवर हात उगारणं थांबलं. मलाही बरं वाटलं. पण मग त्याने पूजेची सगळी भांडी भंगारात द्यायला पोत्यात भरली. मीही जाणार होते. "मंग कणीक कशात भिजवू?" असं त्याच्या बायकोने, कोकिळाने, विचारलं म्हणून वाचले.

अन्नपूर्णाबाईंनी देव सोडले नाहीत. कडूबाने त्यांचं ताट घराबाहेरच्या ओट्यावर नेलं, त्यांच्या हातची भाकरी खाणं बंद केलं. घरी प्रार्थनेला येणाऱ्यांतही तो खोट काढायचा. भागवतच्या मनगटावर दोरा दिसला तर म्हणाला, "तुह्या विश्वासात दम नाही बे." माझ्या काठातलं कुंकू दिसलं तर मी थेट भंगारात, या धास्तीत मी दिवस काढले.

गेल्या वर्षी ईस्टरआधीच्या गुरुवारी, प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्या आठवणीसाठी, त्याने मलाच बाहेर काढलं. अकरा जणांचे पाय धुतले, मोबाइलवर व्हिडिओ काढायला लावून. बारावी खुर्ची रिकामी होती. भागवत आलाच नव्हता. कोकिळाने सासूला हाताला धरून तिथे बसवलं.

"राहू दे, मी भाईर बसतो," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. त्यांनी पाय लुगड्यात ओढून घेतले.

सगळे बघत होते म्हणून कडूबाने पाय धरले. त्याचा ओला अंगठा माझ्या काठाला घासला आणि लाल झाला. संपलं, असं मला वाटलं.

"हे काय हाय, माय?"

"कुंकू. तू लहानपनी तापानं फणफणला होता, तवा नवस बोलून लावलं होतं. याच्यातच बसवून तुले पान्यानं पुसत होतो."

 कडूबाने आईच्या ओल्या पायांवर डोकं ठेवलं. "म्या तुले भाईर बसवलं, माय. माह्यासारखा गर्विष्ठ कोनी नाही." त्या दिवशी माय-लेक आत जेवले.

आता तो हीच साक्ष, म्हणजे प्रभूने आपल्याला कसं बदललं ते, गावोगाव सांगतो. मलाही बरोबर नेतो. डोणगावात लोक रडले. अमडापुरात तो स्वतःच जास्त रडला, आणि येताना कोकिळाला विचारत होता, व्हिडिओ किती जणांनी पाहिला.

परवा रविवारी आईने भाकरी पुढे केली. "साक्षेले उशीर होऊन राह्यला," म्हणत तो मला पिशवीत घालून निघाला. पिशवीबाहेर राहिलेल्या काठातून मला दिसलं, अन्नपूर्णाबाई आपलं ताट उचलून ओट्यावर जाऊन बसल्या.

मला पुन्हा भीती वाटू लागली आहे. तो तुमच्या गावी आला तर टाळ्या वाजवू नका. माय कुठे जेवते, एवढंच त्याला विचारा.