सासूबाईंचं एकच क्रियापद

साठीला टेकलेल्या बाईने स्पॅनिश शिकायला बसायचं म्हणजे जरा अतिच. पण सासूबाईंना अख्खी भाषा हवी होती कुठे? त्यांना सुनेला एवढंच सांगायचं होतं: पोरी, जाऊ नकोस, इथेच राहा.

मुलगा देवाघरी जाऊन आठ महिने झाले होते. तो होता तोवर घरात दोन भाषा गुण्यागोविंदाने नांदल्या. बायकोचं आईला सांगायचं, आईचं बायकोला, मधल्यामध्ये दोघींचे टोमणे गाळायचे. तो गेला आणि सासूसुना खाणाखुणांवर आल्या. हाताच्या खुणेने ‘जेवलीस का’ विचारता येतं हो, पण ‘तू गेलीस तर मी कुणाकडे बघू’ हे कोणत्या बोटाने सांगणार? आणि सुनेने तर कॅलेंडरवर एका शुक्रवारभोवती गोल काढला होता. माहेरच्या आईचा फोटो दाखवला, दोन बॅगा दाखवल्या. कायमची निघाली होती. तिकडे थंडी कडाक्याची, म्हणून सासूबाईंनी तिच्यासाठी लोकरीचा कोट शिवायला घेतला. चाळीस वर्षं लोकांचे कपडे बेतलेल्या बाईचा हात या एका कापडावर कात्री चालवताना अडखळला.

वरच्या मजल्यावर बोटवाले काका राहायचे. जन्म जहाजावर स्वयंपाक करण्यात गेलेला, त्यामुळे बंदराबंदरातली भाषा जिभेवर. सासूबाई त्यांच्याकडे गेल्या.

“एकच क्रियापद देतो, वहिनी,” काका म्हणाले. “केदार.”

“अहो भाऊजी, हे क्रियापद आहे की कुणाचा पोरगा?”

“हसू नका, फार कामाचं आहे. तीन अंडी उरली, तर केदान त्रेस. पाचला भेटायचं ठरलं, तर केदामोस. पोस्ट कुठेशी आहे विचारायचं, तरी हेच. तुमच्या धंद्यातलं सांगू? कपडा अंगाला छान बसला, तर केदा ब्येन. मला बसला तर आधी ‘मे’ लावायचं, तुला बसला तर ‘ते’. केदे म्हणजे मी राहिले. केदो म्हणजे मी राहते. आणि माणसाला थांबवून घ्यायचं असेल, तर केदाते. राहा.”

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, पण गाठीला बांधलं ते शेवटचं.

पुढचे पंधरा दिवस ते क्रियापद घरभर हिंडत होतं. दुपारी मशीन चालवताना पायाखालून केदाते, केदाते असा सूर निघायचा. उन्हाचा पट्टा कापडावरून हळूच सरकत जायचा, सासूबाईंचा डोळा लागायचा आणि मग घरातली वस्तू न् वस्तू बोलायला लागायची. दाराजवळचे मुलाचे बूट म्हणायचे, आम्ही उरलो. आरशाच्या आतून मुलगा म्हणायचा, आई, पाचला भेटू, केदामोस. त्या घाईघाईने निघायच्या, जिना काही केल्या संपायचा नाही, आणि जाग यायची तेव्हा सव्वापाच वाजून गेलेले असायचे.

बुधवारी दुपारी ट्रायल होती. कच्च्या टाक्यांवरचा कोट घालून सून आरशासमोर उभी राहिली. सासूबाई गुडघ्यांवर बसून खालची घडी टाचत होत्या, तोंडात टाचण्या. शेवटची टाचणी लागली की बोलायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

सून आरशात बघून स्वतःशीच पुटपुटली, “मे केदा ब्येन?”

सासूबाईंच्या तोंडून टाचण्यांसकट निसटलं, “सी! ते केदा ब्येन!” हो गं, छान बसलाय!

सून गर्रकन वळली. आधी हसली, मग तिला रडूच फुटलं. खाली बसून ती बोलायला लागली आणि बोलतच राहिली, रडत, हात उडवत, मधेच नवऱ्याच्या बुटांकडे बोट दाखवत. आठ महिन्यांचं सगळं एका दमात. सासूबाईंना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ‘मे केदे, मे केदे’ एवढंच पुन्हा पुन्हा कानावर पडत होतं. मी राहिले, मी राहिले.

अगं बाई! आपण समजत होतो, पोरीचा स्वभावच शांत. कसला शांत स्वभाव! या घरात तिला बोलायला माणूस नव्हतं. इथे राहिली तर ती पुन्हा अशीच मुकी होईल, आणि आपण एका क्रियापदाने तिला किती दिवस पुरणार?

सुनेने नाक पुसलं. सासूबाईंच्या पांढऱ्या केसांकडे, त्यांच्या एकटीच्या घराकडे ती बघत राहिली. मग अगदी हळू विचारलं, “मे केदो?”

मी राहू?

सासूबाईंना मोह झाला. खोटं कशाला बोला, फार मोह झाला. पंधरा दिवस ज्याच्यासाठी जीव टाकला, ते आयतं समोर येऊन बसलं होतं. नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं.

त्यांनी तिचा ओला चेहरा ओंजळीत घेतला. “नाही गं बाळा,” त्या म्हणाल्या. “आईकडे जा. पोटभर बोल.”

आणि त्यांनी हनुवटीने तिच्या दोन बॅगांकडे खूण केली. कळायचं ते तिला कळलं. तिने त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि दोघी कितीतरी वेळ तशाच बसून रडल्या.

कोट द्यायला शुक्रवारपर्यंत वेळ होता. पण उद्या आपलंच मन फिरेल या भीतीने सासूबाईंनी त्याच संध्याकाळी पक्की शिलाई मारली आणि कच्चे टाके एकेक करून काढून टाकले.