केशवच्या चुका

पोलीस ॲक्शननंतर औरंगाबादच्या कचेरीतलं उर्दू हळूहळू मागं पडलं आणि इंग्रजी आलं. सरिश्तेदार तात्यासाहेब उर्दूत तकरारीचं उत्तर असं लिहीत, की तकरार करणाराच शरमून जाई. इंग्रजीत मात्र ते अडखळत. खात्याची इंग्रजी परीक्षा हुकली तर खुर्ची जाणार होती. म्हणून त्यांच्या हाताखालचा कारकून केशव रोज संध्याकाळी त्यांच्या घरी शिकवायला जाऊ लागला. इंग्रजी शाखेत जागा निघणार होती. ती केशवला हवी होती आणि शिफारस तात्यासाहेबांच्याच हातात होती.

अडचण रिवाजाची होती. वरिष्ठाची चूक कनिष्ठानं दाखवायची नाही, हा त्या कचेरीचा जुना दंडक. वरिष्ठाच्या हातून दौत सांडली, तरी शाईच उतावीळ म्हणायची.

केशवनं वाट काढली. तात्यासाहेबांनी ‘ही डिड नॉट वेंट’ लिहिलं, तसा त्यानं स्वतःचाच कान पकडला.

“साहेब, मी मोठा गाढव. ‘डिड’च्या पुढं माझ्या हातून ‘वेंट’च पडतं. पाहिजे असतं ‘गो’.”

“मग ‘गो’ लिहीत जा की,” म्हणत तात्यासाहेबांनी आपलं वाक्य गुपचूप दुरुस्त केलं.

मग ‘डिस्कस अबाउट’ आलं.

“‘डिस्कस’ला उगाच ‘अबाउट’ची शेपटी लावतो मी. नको असते.”

“सवय वाईट आहे, केशवराव. मोडा.”

‘मोर बेटर’च्या वेळी मात्र ते चिडलेच. “‘बेटर’मध्ये ‘मोर’ आलंच, हे आज कळलं तुम्हाला? मॅट्रिक कुणी केलं हो तुम्हाला?”

घरी शैला विचारी, “अहो, तुमच्या चुका संपायच्या कधी?”

“त्यांच्या संपल्या, की माझ्याही संपतील.”

तात्यासाहेब चांगल्या गुणांनी पास झाले. पेढे वाटले. मग एक दिवस त्यांनी केशवला बोलावून चक्क समोर बसवलं.

“केशवराव, तुमच्यासारखा अदबीचा माणूस कचेरीत दुसरा नाही. कलेक्टरसाहेबांना मी तसं सांगितलं. पण त्यांनी थेट विचारलं, याचं इंग्रजी कसं आहे? आता खोटं कसं बोलू? सबंध पावसाळा रोज तुमच्या तोंडून नवी चूक ऐकलीय मी.”

इंग्रजी शाखेऐवजी केशवची बदली गंगापूरच्या तहसिलीत झाली होती. तिथलं काम बहुतेक मराठीतच चाले. त्याच्या ओठांवर काहीतरी आलं; पण रिवाज त्याच्याआधी आला.

“बजा आहे, साहेब. बरोबरच सांगितलंत.”

“मनाला लावून घेऊ नका. जाईपर्यंत संध्याकाळी येत जा. आता मी शिकवतो तुम्हाला.”

त्या संध्याकाळी तात्यासाहेबांनी ठळक अक्षरात वाक्य घालून दिलं. त्यात एक चूक होती. केशवनं ती जशीच्या तशी उतरवून घेतली.

“बघा,” तात्यासाहेब समाधानानं म्हणाले, “लक्ष दिलं की कसं बिनचूक येतं.”