फ्रीजमधला रोल

आईचा फोटो काढायचा तर ब्लॅक अँड व्हाइटच, हा बाबांचा हट्ट. चाळीस वर्षं स्टुडिओ चालवलेला माणूस, त्यांना कोण समजावणार? डॉक्टरांनी आईची फार तर दोन महिन्यांची खात्री दिली होती, आणि बाबांना तिचा एक धड फोटो हवा होता. माझ्या फोनमध्ये होते, पण सगळे नाकात नळी घातलेले. साऱ्या गावाचे फोटो काढले आणि बायकोचा राहूनच गेला, हे त्यांना आत्ता उमगलं. मला त्याचा राग आला होता आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

रोल शोधायला अर्थातच मी. पहिल्या दुकानात नुसती मोबाइलची कव्हरं टांगलेली. मालक म्हणाला, "ताई, रंगीत काढा. कम्प्युटरवर आम्ही रंग उडवून देतो." दुसऱ्याने उरलेले रोल मागच्याच वर्षी कचऱ्यात टाकले होते, आणि ते तो अडगळ काढल्याच्या समाधानाने सांगत होता. असे सात उंबरठे झिजवले. आठव्या दुकानातल्या म्हाताऱ्या मालकाने फ्रीज उघडून पाण्याच्या बाटल्यांमागून एक डबी काढली.

"मुदत संपून सहा वर्षं झालीत. माझ्यासाठी ठेवला होता," तो म्हणाला. "आता येतच नाहीत हो. कुणाचा फोटो काढायचाय?"

"आईचा."

त्याने फ्रीजचं दार लावलं. डबी माझ्या हातात ठेवली.

रविवारी सकाळी आईला खिडकीशी खुर्चीत बसवलं, पाठीशी दोन उशा दिल्या. बाबांनी रोल स्वतःच भरला. मला जवळ फिरकू दिलं नाही.

"अहो, दात दाखवू की नको?" आईने विचारलं.

"तुला ते कधी लपवता आलेत?"

आई हसली. किती महिन्यांनी हसली, आणि मग हसतच राहिली. मी फोन उचलला तर म्हणाली, "ठेव ते. त्यांचं काम चाललंय." मी शहाण्या मुलीसारखा ठेवला. बारा फोटो काढून बाबा थांबले. "बाकीचे पुढच्या रविवारी. जपून वापरायला हवा."

गुरुवारी आई गेली.

त्यानंतर महिनाभर बाबांनी कॅमेऱ्याला हात लावला नाही. रोल धुवायची औषधं आणून ठेवली होती, ती तशीच. मी रोज मागे लागायचे, ते रोज उद्यावर ढकलायचे. शेवटी एका दुपारी मी कॅमेरा त्यांच्या पुढ्यात आपटलाच. "आज धुवा, नाहीतर मी दुसऱ्या कुणाकडे तरी देते."

रोल परत गुंडाळायची चावी त्यांनी फिरवली. बारा फोटोंची फिल्म परत येताना बोटाला ओढ लागते, एवढं मलाही लहानपणापासून ठाऊक होतं. चावी अर्ध्या वेढ्यातच मोकळी फिरायला लागली. मग बाबांनी सरळ मागचं झाकण उघडलं. उजेडाने सगळं जाईल म्हणून मी त्यांचा हात धरला, पण आत जाण्यासारखं काही नव्हतंच. रोल होता तसा होता, एक इंचही पुढे सरकला नव्हता.

"एकही फोटो वाया जायला नको म्हणून फिल्मचं टोक पलीकडच्या चक्रीत जेमतेम अडकवलं होतं," बाबा म्हणाले. "सुटलं ते."

"आणि तुम्हाला हे आत्ता कळतंय?"

त्यांनी फिल्मचं सुटलेलं टोक बोटाने सरळ केलं.

"तिसऱ्या फोटोलाच कळलं होतं. फिल्म पुढे ओढताना अंगठ्याला समजतं गं."

"मग थांबायचं ना, बाबा. पुन्हा भरायचा."

"ती हसत होती. कॅमेरा उघडला असता तर तिला कळलं असतं, आपण उगाच ताटकळत बसलो. म्हणून नुसताच खटका दाबत राहिलो. म्हटलं, रविवारी काढू." त्यांनी झाकण लावलं. "आणि खरं सांगू? मला तेव्हा बरं वाटलं होतं. रोल वाचला म्हणून."

आई गेली तेव्हा ते रडले नव्हते. आता रडायला लागले.