नवमीचं पान

माझी बायको गोजरा गेल्यावर ‘गोजराची चूल’ हा तिचा चॅनल मी चालवतो. ती होती तेव्हा मी फक्त मोबाईल धरायचो. रांधायची ती, बोलायची ती. शेवटी ताट पुढे करून म्हणायची, “या जेवाला.” वाशीच्या मार्केटात बाया तिला थांबवून फोटो काढायच्या.

मग बघणारे कमी होत गेले. व्हिडिओ तसेच, मेहनत तशीच, पण लोकांपर्यंत ते पोचेनातच. का, ते विचारायचं कुणाला? मी आकडे बघून चिडायचो. ती म्हणायची, “आपन बोलवाचा. आला तो आपला.”

तिच्या माघारी तिचे राहिलेले व्हिडिओ टाकले, तेही कुणी बघितले नाहीत. चॅनल बंद पडला तर तिचा आवाज कुणाच्या कानावर जाणार, याची मला भीती वाटायची.

नवऱ्याआधी गेलेल्या बाईचं पान पितृपक्षात नवमीला घालतात. गोजराचं हे पहिलंच. कावळा तिचा घास उचलतोय, असा व्हिडिओ टाकायचं मी ठरवलं. असलं लोक बघतात, हे मला माहीत होतं.

मी मोबाईलचा स्टँड घेऊन निघालो तशी मनस्वी, माझी मुलगी, म्हणाली, “बाबा, आज तरी राहू दे ना.”

“आईचाच चॅनल आहे.”

गोजराची धाकटी बहीण अरुणा वडे तळत होती. “दाजी, कावल्याला पन मेकअप करनार का? लवकर या. मना साखरेचा त्रास हाय. कावला शिवल्याबिगर आमी जेवनार नाय.”

गच्चीवर कठड्यावर पान ठेवलं. भात, वरण, अळूवडी, खीर, वडे. मागून ऊन येत होतं, चित्र काळं दिसेल म्हणून पान उचलून टाकीजवळ नेलं. स्टँड लावला. सदऱ्याच्या टोकाने मोबाईलची काच पुसायला लागलो आणि कावळा आला.

पानाच्या कडेला बसला. मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं आणि वडा चोचीत धरला.

मोबाईल चालू नव्हता.

“हाड!” मी हात उगारला. “थांब जरा!”

वडा टाकून तो तळोज्याच्या कारखान्यांकडे उडाला. मी घाईने मोबाईल चालू केला, “ये, ये” करायला लागलो. मग हात खाली आला. मी कुणाला हाकललं होतं?

मागे अरुणा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिने सगळं बघितलं होतं.

मी स्टँड काढून टाकीमागे ठेवला.

“हात जोरा,” ती म्हणाली. “तिची काय इच्छा राहिली असल, ती बोला.”

‘तुझा चॅनल चालवीन’ हे तोंडाशी आलं होतं. ते बोललो नाही. ती कधी आकडे बघत नव्हती. बघायचो मी.

“गोजरा, जेव,” एवढंच म्हणालो.

समोरच्या बिल्डिंगवर कावळे बसले होते. एकही आला नाही. ऊन डोक्यावर आलं, भात सुकला. अरुणा उपाशीपोटी कठड्याला टेकून बसली. शेवटी मीच तिला धरून खाली आणलं.

मनस्वी दारातच होती. “शिवला का?”

अरुणाने माझ्याकडे बघितलं. मी नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तर ती काही बोलली नसती.

“शिवला होता,” मी म्हणालो. “वडा उचलला होता. मोबाईल चालू नव्हता म्हणून मी हाकलला.”

मनस्वीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती आत गेली आणि ओट्याकडे तोंड करून उभी राहिली.

“पान गाईला घाला,” अरुणा म्हणाली. “न् आता वाढा कोनीतरी.”

ताट मी वाढलं आणि तिच्यासमोर घेऊन उभा राहिलो. इथे गोजराचे दोन शब्द होते, ‘या जेवाला’. मला ते म्हणता येईनात.

“द्या इकरं,” म्हणत अरुणाने ताट माझ्या हातातून घेतलं.