पांढऱ्या चादरीखालची घोडी

चैत्र सरत आला होता. भिंगारच्या माळावर श्वेत, शुष्क, निर्दय प्रकाश पसरला होता. दगड तापले होते, कौले तापली होती, छावणीच्या लांबलचक भिंतीची सावलीसुद्धा तापली होती. फक्त कडुनिंब मोहरले होते. त्यांची चिमुकली शुभ्र फुले भिंतीवरून गल्लीत गळत होती, आणि त्या कटुगंधी पुष्पवृष्टीखाली दौलतराव कानडे आपल्या दुकानाची पाटी पुसत होते.

पुसण्यात ते तल्लीन झाले होते. ओल्या फडक्याने त्यांनी आधी आपले नाव उजळले, मग आडनाव, मग त्याखालची ओळ: ‘घोडेस्वारीचे बूट संपूर्ण हातांनी बनवून मिळतील.’ ‘संपूर्ण’ या शब्दावर फडके जरा जास्तच रेंगाळले.

उंबऱ्यात उभी राहून हौसा ते पाहत होती. नवऱ्याकडे पाहताना अलीकडे तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलकेच वळत असे. हसू आंबले की जे उरते, ते.

उद्या दौलतरावांचा सत्कार होता. जिल्ह्याच्या हस्तकला मंडळाची माणसे दुकानात येणार होती. शाल देणार होती, नारळ देणार होती. आणि मग सर्वांदेखत दौलतराव नुसत्या हातांनी चामड्याला पावलाचे वळण देऊन दाखवणार होते.

मागच्या खोलीत, गोणपाटाच्या पडद्याआड, घोडी उभी होती.

घोडी म्हणजे एक यंत्र. चार लोखंडी पाय, मेघश्याम देह, छातीशी पितळेचा जबडा आणि कुशीला हाताने फिरवायचे चाक. सपाट चामडे भिजवायचे, पायाच्या आकाराच्या वाकड्या फळीवर पांघरायचे आणि त्या जबड्यात द्यायचे. चाक फिरू लागले की फळी कणाकणाने खाली उतरे, जबडा चामड्याला दोन्ही अंगांनी ताणून धरी, आणि नडगी संपून पाऊल जिथे सुरू होते तिथले ते नाजूक, अवघड, गर्विष्ठ वळण एकाही सुरकुतीवाचून चामड्यात उमटे. ते वळण म्हणजे बुटाचा प्राण. ते चुकले की बूट म्हणजे नुसते नळकांडे.

हे यंत्र हौसाच्या वडिलांचे, लिंबाजींचे. छावणीतला एक गोरा बूटवाला मायदेशी परतताना त्यांना देऊन गेला होता. घोडी हे नाव लिंबाजींनीच ठेवले. त्यांना मुलगा नव्हता; हौसा होती. चाकाच्या मुठीपर्यंत हात पोचू लागला तेव्हापासून हौसाने घोडी फिरवली. चामड्याचा ओलावा बोटांनी ऐकायला ती शिकली. कुठे ओढायचे, कुठे थांबायचे, कुठे श्वास धरायचा, हे ती शिकली. लिंबाजी गेले, आणि बैलगाडीत गवताच्या बिछान्यावर निजून घोडी लेकीच्या सासरी आली.

तोवर दौलत चपलांचे अंगठे शिवत होते. घोडी आली आणि बूट आले. बूट आले आणि साहेब आले. साहेब आले आणि दौलतच्या नावाला राव लागले. राव लागले आणि मधल्या दारावर गोणपाटाचा पडदा लागला.

पडद्याअलीकडे दौलतराव बसत. बोलणे त्यांना येत होते, हे मात्र खरे. साहेबांचा पाय मांडीवर घेऊन, डोळे अर्धवट मिटून ते म्हणत, “साहेब, यंत्राला काय कळणार पायाचं मन? ही बोटं बघा. ही बोटं ऐकतात.” आणि पडद्यापलीकडे, त्याच क्षणी, हौसा चाक फिरवत असे. चाकाची कुरकुर पुढे ऐकू जाऊ नये म्हणून त्याला रोज सकाळी तेल घालायची तिला ताकीद होती.

पहिल्या वर्षी ती पडद्याआडून ऐके आणि कौतुकाने लाजे. पुढे ऐके आणि हसे. पुढे नुसतीच ऐके. मग एके दिवशी तिला कळले की आपण ऐकत नाही आहोत. ते मधाळ, मखमली, मुलायम शब्द तिच्या कानांवरून ओघळून जात होते, तेल लावलेल्या चामड्यावरून पाणी ओघळावे तसे.

पाटी चकचकीत झाली. दौलतराव आत आले, घाम टिपला आणि सहज म्हणावे तसे म्हणाले, “उद्या मोठी माणसं येतील. आतलं ते लोखंड दिसता कामा नये. सिकंदरला सांगितलंय. घेऊन जाईल.”

सिकंदर भंगारवाला होता.

हौसा आत वळली. पाटावरचे पीठ तिने परातीत सारले, हात धुतले, पदराला पुसले. मग मागच्या खोलीत गेली आणि घोडीच्या चाकावर हात ठेवून उभी राहिली.

सिकंदरची हातगाडी दाराशी खडखडली. तो आत आला. त्याने घोडी पाहिली, हौसा पाहिली आणि जागीच थांबला.

“तराजू आणलायस?” हौसाने विचारले.

“आणलाय भाभी.”

“मग आधी मला घाल त्यात. आम्ही दोघी एकाच बापाच्या घरून आलो इथं. जायचं तर दोघी जाऊ.”

दौलतराव उसने हसले. सिकंदर हसला नाही. त्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिले, गळ्यातल्या रुमालाने मान पुसली आणि म्हणाला, “नाही दौलतभाई. हा माल माझ्याच्यानं उचलायचा नाही.” हातगाडी रिकामीच वळली. तिची रिकामी, उपहासभरी खडखड गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिली.

दौलतरावांनी मग दुसरी युक्ती काढली. पाहुणे सगळे एका खोलीत मावणार नव्हते; मागची खोली उघडावीच लागणार होती. त्यांनी पडदा गुंडाळून वर बांधला, घोडीवर पांढरीशुभ्र चादर पांघरली, चादरीच्या कडा जमिनीपर्यंत सोडल्या आणि वर एक तबक ठेवले. दुरून पाहता ते मेजच वाटत होते. जे आयुष्यभर त्यांना उचलून धरत आले, त्याला त्यांनी मेज केले. हौसाने पाहिले आणि मान फिरवली. दगड मारावा इतकीही किंमत काही माणसांना नसते, असे काहीसे तिच्या मनात येऊन गेले.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. इस्त्रीचे कपडे आले, अत्तराचे दर्प आले, गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक छायाचित्रकार आला. घोटाघोटाने सरबत पीत सगळ्यांनी त्या दोन खोल्यांचे कौतुक केले. अध्यक्षांनी नारळ आणि शाल चादरीवरच्या तबकात ठेवली. “यंत्रयुगाच्या या कोलाहलात,” ते म्हणाले, “या महात्म्याने यंत्राला कधी स्पर्श केला नाही.”

तेवढे खरे होते. हौसा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. इतक्या वर्षांत दौलतरावांनी त्या चाकाला खरोखरच कधी स्पर्श केला नव्हता.

शाल खांद्यावर आली. टाळ्या झाल्या. दौलतरावांनी वाकून, विनयाने विरघळून, हात जोडले. मग शाल पुन्हा तबकात ठेवून त्यांनी बाह्या सारल्या. हौसाने पहाटेपासून घमेल्यात भिजत घातलेल्या चामड्यांतले एक त्यांनी उचलले आणि फळीवर टाकले.

हातांनी ते वळण देणारे कारागीर असतात. लिंबाजी त्यांतले एक होते. दौलतराव नव्हते. पण स्वतःचे शब्द ते इतकी वर्षे ऐकत आले होते की त्यांनाही तसे वाटू लागले होते. आणि हेच हौसाला सर्वांत केविलवाणे, सर्वांत किळसवाणे वाटले.

पकडीने त्यांनी एक कड ओढली, खिळा ठोकला. दुसरी कड ओढली, तर पहिली सुटली. वळणाच्या ऐन कुशीत एक सुरकुती उठली. ती अंगठ्याने दाबली, तर शेजारी दुसरी उठली. अंगठे पांढरे पडले, कपाळ लाल झाले, श्वास मोठा झाला. कॅमेरा उघडमीट करत होता, मग तोही थांबला. आणि त्या भरगच्च शांततेत खिळ्यापाशी चामडे टर्रकन फाटले.

दौलतरावांनी हातातल्या चिंधीकडे पाहिले, पाहुण्यांकडे पाहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तेच जुने, मधाळ, मखमली हसू उमलले.

“चामडंच नीट भिजलेलं नाही,” ते म्हणाले. “भिजवायचं काम बायकांचं. काय करणार?”

पाहुणे हसले. सुटल्यासारखे हसले.

हौसा मात्र पुढे आली. ताटात पडलेल्या माशीवर जेवढे रागवावे तेवढीही ती रागावली नव्हती. तिची पावले शांत होती, हात शांत होते, आणि डोळ्यांत एक निर्मळ, निर्जल, हिवाळी थंडी होती. तिने तबकातला नारळ उचलून कोनाड्यात ठेवला. शाल उचलली, नीट घडी केली आणि नवऱ्याच्या हातात दिली. तबक भिंतीला टेकवले. मग चादरीची कड धरली आणि एकाच झटक्यात ओढली.

घोडी प्रकाशात आली. काळी, कणखर, तैलस्निग्ध.

हौसाने घमेल्यातून दुसरे चामडे काढले, निथळू दिले, फळीवर पांघरले, जबड्यात धरले. पदर कमरेला खोचला. चाक फिरले. तेल घातलेले चाक, इतकी वर्षे मूक राहिलेले चाक, आजही मूकच फिरले; पण आज त्याचे मौन सगळ्यांनी पाहिले. फळी उतरू लागली. चामडे ताणले, थरथरले, मग ओळख पटल्यासारखे सैलावले. ती थांबली. बोटांनी त्याच्याकडे कान दिला. पुन्हा चाक. पुन्हा विसावा. आणि सपाट, निर्जीव, निराकार चामड्यातून हळूहळू एक पाऊल जागे झाले: ताठ नडगी, खाली ते नितळ वळण, पुढे चालायला निघालेला चवडा.

ते काढून तिने दौलतरावांच्या समोर धरले.

“हे त्याच घमेल्यातलं आहे,” ती म्हणाली.

दौलतराव चामड्याकडे पाहत राहिले. अध्यक्षांनी घसा साफ केला. “पण बाई, हे तर यंत्र आहे. आमचं मंडळ हस्तकलेचं आहे.”

हौसाने त्यांच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिले. “मग मी काय ते पायानं फिरवलं?”

छायाचित्रकाराला हसू फुटले, ते त्याने खोकल्यात बुडवले. बाकी कुणी हसले नाही. सरबताचे पेले खाली ठेवले गेले, घड्याळे पाहिली गेली, वहाणा शोधल्या गेल्या. शाल परत मागावी की नाही, हे अध्यक्षांना ठरवता येईना. आणि न ठरवताच ते निघून गेले. चैत्राच्या त्या भाजत्या दुपारी, हातात लोकरी शाल घेऊन, दौलतराव रिकाम्या खोलीत उभे राहिले.

“चारचौघांत नाक कापलंस माझं,” ते म्हणाले.

“चामडं भिजलं नाही म्हणालात.”

“बोलून गेलो.”

“इतकी वर्षं बोलूनच गेलात,” हौसा म्हणाली. तिने वर बांधलेला गोणपाटाचा पडदा सोडला, दारावरून उतरवला, चौपदरी केला आणि पायपुसणे म्हणून उंबऱ्याशी टाकला. मग ती घोडीच्या एका बाजूला उभी राहिली.

“धरा. पुढं न्यायचीय. उजेडात.”

दौलतराव आले. चाकाकडे त्यांनी हात नेला.

“चाकाला नको,” हौसा म्हणाली. “पाय धरा.”

ते क्षणभर तसेच थांबले. मग शाल खाली ठेवून वाकले आणि त्यांनी घोडीचे पाय धरले.

वैशाखात काही गिऱ्हाइके तुटली. हातांच्या बुटांसाठी येणारी, पाटी वाचून येणारी, ती आली नाहीत. पण छावणीतला एक म्हातारा रिसालदार आला. दारातच घोडी फिरवणाऱ्या बाईकडे त्याने पाहिले, मग आपल्या पायांतल्या जुन्या बुटांच्या वळणावरून अंगठा फिरवला. “तर हे तुमचं होय,” एवढेच म्हणाला, आणि आणखी एक जोड सांगून गेला. त्याच्यामागून इतर आले. दौलतराव आता तळ शिवत, टाचा ठोकत, विहिरीचे पाणी आणून घमेले भरत. क्वचित कुणाशी बोलू लागत, आणि हौसाने मान वर केली की वाक्य अर्ध्यातच मिटवून टाकत.

तिने त्यांना क्षमा केली नाही. वेळच्या वेळी गरम भाकरी वाढली, ताप आला तेव्हा रात्री उशाशी बसली. पण क्षमा केली नाही. ती मागायला शब्द लागतात, आणि त्यांचे सगळे शब्द खर्ची पडले होते.

अशाच एका सायंकाळी तिने दिवसभराचे काम अंगणात आणून ठेवले. फळ्यांवर ताणलेली ओली चामडी तिने भिंतीच्या कडेने ओळीने उभी केली, चवडे गल्लीकडे करून. वारा पडला होता. मावळतीचा केशरी, काषाय, क्षीण उजेड त्या वळणांवरून हळूहळू उतरत होता. देह नसलेली, नाव नसलेली, कुणाचीही नसलेली ती पावले तिथे उभी होती. ताठ, नितळ, निघण्याच्या बेतात. मग उजेड गेला. भिंत गेली. गल्ली गेली. काळोखात फक्त वळणे उरली, ओली, मंद चमकणारी. एकामागे एक, एकामागे एक, एकामागे एक.